बाटली निवडताना: वाइनविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात वाइनविषयीचे प्रश्न बरेच आहेत, आणि तेही जाणकारांचे नाहीत. महिन्यातून दोन-चारदा जेवणाबरोबर ग्लासभर घेणाऱ्यांनी ते विचारले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. भाव महाराष्ट्रातले आणि ढोबळ समजावेत.

प्रश्न: दुकानात तीस-चाळीस बाटल्या मांडलेल्या असतात आणि दुकानदार प्रत्येकीला ‘मस्त आहे’ म्हणतो. हजार रुपयांच्या आसपास खात्रीची बाटली कशी निवडायची? (डोंबिवली)

आधी साल बघा, मग दुकान, मग द्राक्षाची जात आणि सगळ्यात शेवटी कंपनी. बहुतेक गिऱ्हाइकं नेमकी उलट्या क्रमाने जातात.

या भावातली वाइन मुरवत ठेवण्यासाठी केलेलीच नसते. ‘जितकी जुनी तितकी चांगली’ हे फार थोड्या बाटल्यांना लागू पडतं आणि त्या हजार रुपयांत मिळत नाहीत. पांढरी आणि रोझे, म्हणजे गुलाबी, चालू किंवा गेल्या सालची घ्यावी, लाल तीन वर्षांच्या आतली. बाटलीवरचं साल म्हणजे द्राक्षं तोडली ते साल. नाशिककडे एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. फ्रान्स-इटलीत ती ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. त्यामुळे एकच साल छापलेल्या दोन बाटल्यांत नाशिकची सहा-सात महिन्यांनी मोठी असते. साल छापलेलंच नसेल तर मागच्या लेबलवर बॅच नंबरच्या आसपास महिना-वर्ष शोधा. पांढऱ्या बाटलीवरची ती तारीख दीड वर्षापलीकडची असेल तर बाटली परत फळीवर ठेवा.

दुकानाचा नंबर दुसरा, कारण आपल्याकडे वाइन बिघडते ती बहुतेक वेळा उन्हाळ्याने. पाटी ‘वाइन शॉप’ची असली तरी धंदा व्हिस्की आणि बिअरवर चालतो. वाइनला मिळते सगळ्यात वरची फळी: छताखालची गरम हवा आणि तोंडावर ट्यूबलाइट. तापमान दहा अंशांनी वाढलं की बाटलीतल्या रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. मार्च ते मे अशा फळीवर काढलेली पांढरी वाइन पावसाळ्यापर्यंत थकलेली असते, कंपनी कुठलीही असो. पारदर्शक काचेच्या बाटलीला उजेडाचाही त्रास होतो. उकडलेल्या कोबीसारखा वास येऊ लागतो. रोझे नेमकी अशाच काचेत येते. म्हणून जिथे वाइनचा खप आहे आणि एसी चालू आहे असं दुकान गाठा. फ्रीजमधली बाटली मिळाली तर तीच मागा. फळीवरची घ्यायची झाली तर पुढची, धूळ बसलेली नको, नुकत्या फोडलेल्या खोक्यातली मागा.

बाटली हातात घेतल्यावर तिची मान उजेडात धरा. बूच असेल तर बूच आणि वाइन यांच्यात बोटाच्या पेरापेक्षा कमी मोकळी जागा दिसायला हवी. जास्त असेल तर वाइन झिरपली आहे. वरचं आवरण अंगठ्याने फिरवून बघा. सहज फिरलं तर उत्तम. चिकटून बसलं असेल, खाली काळपट-लाल ओघळ असेल किंवा बूच काठाच्या वर डोकावत असेल तर बाटलीने ऊन खाल्लं आहे. स्क्रू कॅपच्या बाटलीत ही भानगडच कमी. स्क्रू कॅप म्हणजे हलकी वाइन हा समज सोडून द्या. ज्या वाइन ताज्या प्यायच्या आहेत त्यांना ते झाकण बुचापेक्षा चांगलं.

आता द्राक्ष. नाशिकच्या हवेत भरवशाच्या ठरलेल्या जाती शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ आणि शिराझ. शेनिन बहुतेक वेळा किंचित गोडसर असते, सोव्हिन्यों ब्लाँ आंबटसर, हिरव्या मिरचीच्या आणि पेरूच्या वासाची. शिराझ लाल, मिरीसारखी तिखटसर. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिली बाटली शेनिनची घ्यावी. सुला, यॉर्क, सोमा, व्हॅलोन ही नाशिक परिसरातली नावं. फ्रातेल्लीच्या बागा सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या बाजूला आहेत आणि तिथली सांजोव्हेझे ही इटालियन जात लाल पिणाऱ्यांनी एकदा घेऊन बघावी. ग्रोव्हर झाम्पाचं मूळ बंगळूरजवळच्या नंदी हिल्समध्ये आणि दुसरी वायनरी इगतपुरीजवळ. यातल्या कुठल्याही कंपनीची मधल्या भावातली ताजी पांढरी बाटली ही महागड्या पण शिळ्या बाटलीपेक्षा चांगलीच निघते.

दुर्लक्ष कशाकडे करायचं? जड बाटली, बुडाचा खोल खळगा, सोनेरी पदकांचे स्टिकर आणि ‘रिझर्व्ह’ हा शब्द. स्पेनमध्ये लाल वाइनवर ‘रेझेर्वा’ लिहायचं तर किमान ३ वर्षं मुरवावी लागते आणि त्यातलं किमान १ वर्ष लाकडी पिंपात. आपल्याकडे ‘रिझर्व्ह’ला अशी मोजमापं नाहीत. बहुधा ओकच्या पिंपात ठेवलेली आणि तीन-चारशे रुपयांनी महाग, एवढाच त्याचा अर्थ. ओकचा व्हॅनिला-धुराचा वास आवडत असेल तर जरूर द्या पैसे.

पाचशेच्या आतल्या बाटल्यांमध्ये गोड वाइनच जास्त, आणि काहींत थॉम्पसनसारखी खायची द्राक्षंही वापरलेली असतात. ती द्राक्षं खायला छान, पण पातळ सालीची आणि बिनबियांची. वाइनला जो वास आणि तुरटपणा लागतो तो जाड सालीतून आणि बियांतून येतो.

प्रश्न: लाल वाइन फ्रीजमध्ये ठेवू नये, ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी म्हणतात. पण आमच्याकडे ती कोमट आणि औषधासारखी लागते. (सातारा)

ज्या खोलीचा हा नियम आहे ती युरोपातली, १६-१८ अंशांची. आपली मे महिन्यातली खोली ३२ची. त्या तापमानाला अल्कोहोल आधी नाकात शिरतो आणि बाकी सगळं झाकून टाकतो.

लाल वाइन १५ ते १८ अंशांवर प्यावी, रोझे आणि पांढरी ८ ते १२, फेसाळ ६ ते ८. घरचा फ्रीज ४-५ अंशांचा असतो. खोलीतली लाल बाटली त्यात तास-सव्वा तास ठेवली की बरोबर होते. पांढरीला तीन तास तरी लागतात, आणि ती रात्रभर ठेवली असेल तर पिण्याआधी पंधरा मिनिटं बाहेर काढा, नाहीतर वासच येत नाही.

पाहुणे दारात आणि बाटली गरम असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर मीठ घाला. बाटली मानेपर्यंत बुडली पाहिजे. पांढरी वीस-पंचवीस मिनिटांत गार होते, लाल आठ-दहा मिनिटांत. नुसता बर्फ घालू नका. खड्यांच्या मधली हवा उष्णता ओढून घेत नाही, ते काम पाण्याचं. फ्रीजरमध्ये ठेवायची तर गजर लावून, अर्ध्या तासाचा. विसरलात तर बूच बाहेर येतं, कधी काच तडकते.

प्रश्न: तांबड्या रश्श्याबरोबर महागातली शिराझ घेतली. तोंडाची नुसती आग झाली, वाइनची चवही कळली नाही. मटणाला लाल वाइन लागते ना? (कोल्हापूर)

मटणाला लागते, मिरचीला नाही. तुमच्या ताटात त्या दिवशी जोर मिरचीचा होता.

मिरचीचा तिखटपणा अल्कोहोलने भडकतो आणि टॅनिनने, म्हणजे लाल वाइनमधल्या तुरटपणाने, जिभेवर अधिक खरखरीत लागतो. शिराझमध्ये दोन्ही असतं, साडेतेरा-चौदा टक्के अल्कोहोल आणि भरपूर टॅनिन. आग शांत करतात ती साखर आणि गारवा. म्हणून तांबड्या रश्श्याला गोडसर शेनिन किंवा झिनफँडेल रोझे, चांगली गार, आणि लेबलवर अल्कोहोल १२ टक्क्यांच्या आसपास असेल अशी. पांढरा रस्सा सौम्य आणि नारळाच्या दुधाचा. त्याला शेनिन चालते आणि व्हिऑन्ये ही पांढरी मिळाली तर फारच छान. शिराझ राखून ठेवा सुक्या मटणाला, तेही कांदा-खोबऱ्याच्या मसाल्याचं आणि बेताच्या तिखटाचं.

शाकाहारी ताटाबद्दलही दोन पत्रं आहेत, म्हणून इथेच लिहितो. भरल्या वांग्यात दाण्याचं कूट आणि गोडा मसाला असतो, त्याला हलकी लाल जमते: टेंप्रानियो किंवा सांजोव्हेझे, जराशी गार करून. थालीपीठ-लोण्याला शेनिन. बटाटेवडा, कोथिंबीर वडी, तळलेले बोंबील या सगळ्यांना फेसाळ ब्रूट, म्हणजे अगदी कमी गोडीची. तेल आणि मीठ कापायला आंबटपणा आणि बुडबुडे लागतात. मिसळीला वाइन शोधत बसू नका.

माशाबरोबर तुरट लाल घेतली की तोंडात धातूसारखी, कुबट चव राहते. लाल वाइनमधलं लोह आणि माशातली चरबी यांची ती गाठ असते. रवा लावून तळलेल्या सुरमईला सोव्हिन्यों ब्लाँ द्या. मात्र लिंबू पिळण्याआधी एक घोट घ्या आणि पिळल्यावर एक. पदार्थ वाइनपेक्षा आंबट झाला की वाइन पाणचट लागते. सोलकढीबरोबर आलटून-पालटून वाइन पिणाऱ्यांची तक्रार हीच असते. सोलकढी शेवटी भातावर घ्या, वाइन संपल्यावर.

गोडाचं उलट. पुरणपोळी किंवा श्रीखंडासमोर ड्राय, म्हणजे गोडी नसलेली, वाइन कडू-आंबट होते. वाइन पदार्थापेक्षा गोड हवी. ‘लेट हार्वेस्ट’ म्हणून मिळते ती, द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून साखर वाढवलेली. एका माणसाला ६० मिली पुरे.

प्रश्न: आम्ही दोघंच. एका वेळी दोन ग्लास होतात आणि उरलेली बाटली चार दिवसांत आंबते. (नागपूर)

७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास बसतात, म्हणजे तुमची निम्म्याहून जास्त उरते. ती बिघडवतो ऑक्सिजन. आधी मूळचा वास मंदावतो, मग सफरचंद चिरून ठेवल्यावर येतो तसा वास येतो आणि शेवटी हवेतले जिवाणू अल्कोहोलचा व्हिनेगर करतात.

पहिला उपाय ३७५ मिलीची बाटली घेणं. निम्म्या मापाला निम्म्याहून थोडे जास्त पैसे पडतात, पण ओतून द्यावं लागत नाही. मोठ्या दुकानात मागितली तर निघते, फळीवर दिसतेच असं नाही. कॅनमधली वाइनही आता मिळते. ती बहुधा हलकी आणि फेसाळ.

दुसरा उपाय फुकटचा. ३७५ मिलीची स्क्रू कॅपची रिकामी बाटली गरम पाण्याने विसळून, पालथी घालून पूर्ण वाळवून ठेवा. साबण लावला असेल तर वास जाईपर्यंत विसळा. मोठी बाटली उघडल्या उघडल्या, पहिला ग्लास ओतायच्याही आधी, ही छोटी काठोकाठ भरा आणि झाकण लावून थेट फ्रीजमध्ये ठेवा. झाकणाखाली हवेला जागाच राहता कामा नये. काठोकाठ भरलेली पांढरी अशी आठवडाभर छान राहते, लाल पाच-सहा दिवस. दोन ग्लास पिऊन झाल्यावर भरलीत तर तोवर हवा मिसळून गेलेली असते आणि फायदा अर्धा होतो.

नुसतं झाकण लावून ठेवायची तर पांढरी तीन दिवस, लाल दोन, आणि लालसुद्धा फ्रीजमध्येच. हवा ओढून घेणारा हातपंप मिळतो; एखादा दिवस वाढतो, त्यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न: पांढऱ्या वाइनच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे आहेत. भेसळ आहे का? (पनवेल)

नाही. ते पोटॅशियम बायटार्ट्रेटचे स्फटिक, द्राक्षातल्याच आम्लाचे. बाटली बरेच दिवस गारठ्यात राहिली की तळाशी बसतात. चावले तर कचकन लागतील, बाकी काही नाही. शेवटचा घोट बाटलीतच ठेवा. लाल वाइनमधला जांभळट साकाही निरुपद्रवी.

परत करण्याजोग्या खुणा वेगळ्या. पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बुचाचा दोष, ‘कॉर्क्ड’ वाइन. ती उघडून ठेवल्याने सुधारत नाही, वाढतच जाते. पांढरी तपकिरी झाली असेल आणि वासात ताजेपणा नसेल तर हवा लागली आहे. नेलपॉलिशचा वास आला तर जिवाणूंनी वाइन बिघडवली आहे. साध्या वाइनमध्ये जिभेवर चुरचुरणारे बुडबुडे आणि खाली गढूळपणा असेल तर बाटलीत पुन्हा आंबणं सुरू झालं आहे. काडी पेटवल्यासारखा किंवा अंड्यासारखा वास मात्र बहुतेकदा ग्लासात चार वेळा हलवल्यावर उडून जातो, घाई करू नका. परत करायला न्यायची तर एका ग्लासाहून जास्त काढू नका आणि पावती ठेवा. ‘आवडली नाही’ म्हणून कुणी परत घेत नाही. दोष सांगितलात तर चांगला दुकानदार घेतो, कारण त्याला ती वितरकाकडे देता येते.

प्रश्न: गोव्याहून दीड-दोनशेची पोर्ट वाइन आणतो. घरी सगळ्यांना तीच आवडते. तिला नाक मुरडायचं कारण काय? (पुणे)

आवडते तर प्या. फक्त ती काय आहे ते माहीत असू द्या. मूळची पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली. तिथे द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचं स्पिरिट घालून आंबणं थांबवतात. साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल १९ ते २२ टक्के होतो. गोव्यातल्या स्वस्त बाटलीचा त्या पद्धतीशी संबंध बहुधा नावापुरताच. त्यात अनेकदा बंगलोर ब्लू जातीची द्राक्षं असतात, जॅमसारखा वास त्यांचाच, आणि गोडी भरपूर. मागच्या लेबलवर अल्कोहोलचं प्रमाण आणि घटक वाचा. वरून साखर, रंग किंवा स्वाद घातला असेल तर तिथे लिहिलेलं असतं. गार करून, छोट्या ग्लासात, जेवणानंतर घ्या. माशाच्या कढीबरोबर नको.

याच गोडीतून पुढे सरकायचं असेल तर पायरी सरळ आहे: पोर्टनंतर गोडसर शेनिन, मग रोझे, मग ड्राय सोव्हिन्यों. एकदम ड्राय लाल दिलीत तर घरचे तोंड वाकडं करणारच.

दुसरी गोष्ट कायद्याची. गोव्यात कर कमी म्हणून भाव कमी, आणि बाटलीवर ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ छापलेलं असतं. वाहतुकीच्या परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि बांद्याजवळच्या इन्सुली नाक्यावर गाड्या उघडून बघतात. महाराष्ट्रात बाळगायला आणि प्यायलाही परवाना लागतो, दुकानात एक दिवसाचा मिळतो. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, तिकडे जाताना डिकी रिकामी ठेवा.

प्रश्न: पंधराशेची परदेशी घ्यावी की नऊशेची देशी? (ठाणे)

रोजच्या जेवणाला देशी. हिशेब असा. आयात वाइनवर वर्षानुवर्षं सर्वसाधारण सीमाशुल्क १५० टक्के राहिलं आहे. बंदरात २५० रुपयांना उतरलेली बाटली शुल्क भरताच ६२५ची होते. त्यावर आयातदाराचा नफा, राज्याचे कर, वितरक आणि दुकान. पंधराशेला तुमच्या हातात येते ती तिच्या देशात सुपरमार्केटच्या खालच्या फळीवरची असते, शिवाय कंटेनरमधून विषुववृत्त ओलांडून किंवा तांबड्या समुद्रातून तापत आलेली. नऊशेच्या नाशिकच्या बाटलीत द्राक्षावर आणि वायनरीवर खर्च झालेला पैसा जास्त असतो.

ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. त्यात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरतं, पण ५ अमेरिकी डॉलरहून जास्त आयातमूल्याच्या बाटल्यांनाच. म्हणजे स्वस्तातल्या ऑस्ट्रेलियन वाइनला त्याचा उपयोग नाही, मधल्या भावातल्या शिराझला आहे. परदेशीवर खर्च करायचाच तर अडीच-तीन हजारांच्या वर जा, आणि जे इथे फारसं होत नाही ते घ्या: थंड हवेतली रीझलिंग ही पांढरी, पिनो न्वार ही लाल. परदेशातून कुणी येत असेल तर प्रत्येक प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध. आणि ‘इम्पोर्टेड’ असा मोठा शब्द दिसला तरी मागचं लेबल वाचा. बाटली कुठे भरली ते तिथे कळतं.

प्रश्न: लाल वाइनने डोकं दुखतं. सल्फाइटमुळे ना? आणि हृदयाला चांगली म्हणून रोज एक ग्लास घ्यावी का? (ठाणे आणि लातूर)

सल्फाइट म्हणजे वाइन टिकावी म्हणून घालतात ते गंधकाचं संयुग. त्यावरचा आरोप बहुधा खोटा आहे. पांढऱ्या वाइनमध्ये ते साधारणपणे लालपेक्षा जास्त असतं, आणि डोकेदुखीची तक्रार मात्र लालचीच असते. गंधकाची धुरी दिलेले पिवळे बेदाणे खाऊन डोकं दुखत नसेल तर वाइनमधल्या सल्फाइटला दोष देऊ नका. दम्याच्या काही रुग्णांना मात्र सल्फाइटचा खरोखर त्रास होतो. त्यांनी लेबलवरची सूचना गंभीरपणे घ्यावी.

डोकेदुखीचं कारण बहुतेकदा मापात असतं. १५० मिली वाइनमध्ये, साडेबारा टक्क्यांच्या हिशेबाने, जवळपास १९ मिली शुद्ध अल्कोहोल आहे. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये १३ मिलीहून थोडा कमी. म्हणजे वाइनचा एक ग्लास हा दीड छोटा पेग. ‘वाइनच तर आहे’ म्हणत तीन ग्लास घेतले की साडेचार पेग झाले, तेही उकाड्यात आणि बहुधा पाणी न पिता. ग्लासामागे ग्लासभर पाणी प्या आणि आधी जेवायला सुरुवात करा. इतकं करूनही एका ग्लासात त्रास होत असेल तर लाल तुम्हाला मानवत नाही, पांढरी घ्या.

हृदयासाठी म्हणून सुरू करू नका. अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. चवीसाठी घेता तर चवीपुरतीच घ्या. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून.

प्रश्न: ‘एक्स्ट्रा ड्राय’ फेसाळ वाइन आणली तर ती ब्रूटपेक्षा गोड निघाली. आणि उघडताना निम्मी छतावर गेली. (नाशिक)

नावांचा घोटाळा जुना आहे. ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७, नुसत्या ड्रायमध्ये १७ ते ३२ आणि डेमी सेकमध्ये ३२ ते ५०. वड्यांबरोबर ब्रूट, केकबरोबर डेमी सेक.

उघडणं गारव्यावर अवलंबून असतं. फेसाळ बाटलीत मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो, आणि कोमट किंवा हललेली बाटली उसळणारच. आणल्यावर निदान चार तास फ्रीजमध्ये, न हलवता. मग वरची चमकी सोला आणि अंगठा बुचावर दाबून धरा. इथून पुढे तो उचलायचा नाही. तारेची कडी सहा अर्धे फेरे फिरवून सैल करा, पण तार काढू नका, बुचासकट हातात धरा. बाटली ४५ अंशांत कलती, तोंड माणसांपासून आणि ट्यूबलाइटपासून दूर. आता बूच घट्ट धरून बाटली फिरवा, बूच नव्हे. बूच स्वतःहून वर येऊ लागतं, तेव्हा उलट त्याला खाली रेटत राहा आणि शेवटच्या क्षणी किंचित तिरकं करा, म्हणजे हवा एका बाजूने ‘फुस्स’ करून निघते. मोठा आवाज झाला तर वाइन वाया जाणार हे नक्की.

ग्लासात आधी दोन बोटं ओता, फेस बसू द्या, मग भरा. उरलेलीसाठी कडीने आवळून बसणारं स्टीलचं झाकण कटलरीच्या दुकानात मिळतं. त्याने दुसऱ्या दिवशीपर्यंत बुडबुडे टिकतात. बाटलीच्या तोंडात चमचा उलटा ठेवण्याचा काही उपयोग होत नाही.